गंगाखेडची जनी

आमच्या परभणी जिल्ह्यात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिच्या काठचे खेडे ते गंगाखेड. आज ते तालुक्याचे गाव आहे. परभणीहून परळीला जाणारी आगगाडी तिथे थांबते, जनाबाईंच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि गंगेच्या काठी जनाबाईंचे मंदिर आहे. आषाढी जवळ आली की शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी परभणीवरून या गावी येते आणि पुढे परळीची वाट धरते.

संतांच्या जन्मगावाला मान असतो, तसा गंगाखेडालाही आहे. पण खरे पाहू जाता या गावाला जनीचे बालपणही पुरते लाभले नाही. तिचा सारा जन्म गेला पंढरीत, शिंप्याच्या घरी, चुलीपाशी आणि जात्यापाशी.

काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. देवगिरीला यादवांचे राज्य होते. गंगाखेडास दमा नावाचा विठ्ठलभक्त होता, त्याची बायको करुंड. कूळ शूद्र मानलेले, घर गरिबीचे. त्यांच्या पोटी जनी झाली. परंपरा अशी सांगते की आई लवकर गेली आणि बापाने पोरीला पंढरीस नेऊन दामाशेटी शिंप्याच्या पदरात घातले. हे दामाशेटी म्हणजे श्रीनामदेवरायांचे वडील. नामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे इ. स. १२७० चा. जनी त्यांच्याहून वडील असावी, कारण बाळ नामदेवाला तिने अंगाखांद्यावर खेळवले असे संप्रदायात मानतात.

कीर्तनात हा प्रसंग आला म्हणजे पुष्कळ बोवा तो गोड करून सांगतात. पोरीचे केवढे भाग्य, पंढरीचा वास मिळाला, नामदेवांचे घर मिळाले! श्रोतेही माना डोलावतात. आम्हाला तिथे माना डोलावण्यासारखे काही दिसत नाही. गंगाखेडाहून पंढरपूर आजच्या रस्त्यानेसुद्धा दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. आईवाचून झालेले लेकरू बापाचा हात धरून एवढे चालत गेले, आणि परत येताना बाप एकटा आला. भाग्य म्हणायचे ते पुढे तिने स्वतः घडवले ते. कोणी तिला आणून दिले नव्हते. तिच्या अभंगांतून आईबाप नसल्याचे दुःख पुन्हा पुन्हा डोकावते, आणि त्या दुःखातूनच ती विठ्ठलाला माय म्हणते, बाप म्हणते. पोरकेपण विसरून भक्ती करा असे तिने कुठे सांगितलेले नाही. तेच पोरकेपण तिने देवापुढे नेऊन मांडले.

हे आज सांगण्याचे कारण आहे. पोरीला लहानपणीच दुसऱ्याच्या दारी पोचवून मोकळे व्हायचे, ही रीत आमच्या भागातून गेलेली नाही. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये असा कायदा १९७८ पासून आहे. तरी २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४८ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. शंभरांत अठ्ठेचाळीस! जनीच्या गावी तिचा जयघोष करणाऱ्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे. ऊसतोडीला जायचे, पोरगी घरी कोणापाशी ठेवायची, हुंडा पुढे वाढेल, जमाना वाईट, अशी कारणे लोक सांगतात. ती खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. दम्याचीही कारणे खरीच असतील.

असो. आता दामाशेटींच्या घरात जाऊ.

घर मोठे. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, बहीण आऊबाई, पुढे नामदेवांचे चार मुलगे, लेक लिंबाई आणि चार सुना. चौदा माणसांचे खटले आणि पंधरावी जनी. घरधनी विठ्ठलाच्या नादी लागलेला, कपडा विकायला बाजारात बसवला तर दगडधोंड्यांना उधारीवर देऊन येणारा. तीर्थयात्रेला गेला म्हणजे महिनोन्‌महिने घरी नाही, आणि पुढे तर थेट पंजाबात जाऊन राहिला. तिकडे घुमानला त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. नामदेवरायांची थोरवी आम्ही काय वर्णावी! पण ते भागवत धर्माची पताका घेऊन हिंडत होते तेव्हा इकडे चौदा जणांचे दळण कोण दळत होते, हेही चरित्रात यायला हवे.

जनीच्या अंगावर काय कामे होती ती तिच्याच अभंगांवरून कळतात. झाडलोट, केरवारा, सडासारवण, पाणी वाहणे, धुणे धुणे, कांडण, दळण, रानात जाऊन शेणी गोळा करणे. संतवाङ्मयात ब्रह्म आणि माया यांची चर्चा पुष्कळ आहे. केरसुणी आणि उखळ यांना अभंगात पहिल्याने मानाचे आसन दिले ते जनीने. आम्ही लहानपणी पाठशाळेत उपनिषदे म्हणायला शिकलो. बृहदारण्यकात गार्गी जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्नावर प्रश्न विचारते, तो भाग आम्हाला फार आवडे. पण गार्गीला सभा होती, आसन होते, ऐकणारे ऋषी होते. जनीला परसदार होते. तिने प्रश्न विचारले ते धुणे धुता धुता, आणि विचारले ते थेट पांडुरंगाला.

ज्या मुलींनी जाते घरात फिरताना पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगू. जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा असतो. समोरासमोर बसायचे, एकीचा हात वर, एकीचा खाली. एकीने ओढले की दुसरीकडे जाते, दुसरीने ओढले की हिच्याकडे येते. मधेमधे मुठीने जवारी वरून घालायची. दोघी असल्या म्हणजे दळण सरते कधी आणि ओवी रंगते कधी, कळत नाही. एकटीवर पडले म्हणजे तेच जाते डोंगराएवढे जड. पहाटेचा अंधार, सारे घर झोपलेले, टोपलीभर दाणे आणि समोरची जागा रिकामी.

त्या रिकाम्या जागी विठ्ठल येऊन बसला.

जनीसंगे देव दळू लागला ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, भक्तविजय लिहिला, त्यात जनीची चरित्रकथा मोठ्या प्रेमाने आली आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती बायांच्या तोंडी होती, कारण ती जात्यावर बसलेल्या बाईलाच सुचावी अशी आहे. पोथी वाचणारा म्हणाला असता की देवाने दर्शन दिले, शंखचक्र दाखवले, मुक्ती दिली. दळणारी बाई म्हणाली, देवाने खुंटा धरला. मग देव पाणी भरू लागला, केर भरू लागला, शेणी वेचू लागला, जनीच्या डोक्यातल्या उवा पाहून वेणी घालू लागला. मायलेकींचे नाते असते ना, तसे. जिला न्हाऊ घालायला आई राहिली नव्हती, तिने ते काम त्रैलोक्याच्या धन्याकडून करून घेतले.

आता आमचे एक गाऱ्हाणे ऐका. हीच कथा सांगून काही कीर्तनकार बायाबापड्यांना असा उपदेश करतात की पाहा, जनी कशी मुकाट्याने राबली, म्हणून तिला देव भेटला. तुम्हीही तोंडातून शब्द न काढता राबा. सासुरवाशिणींना हे ऐकवायला घरची मंडळी पुढच्या रांगेत आणून बसवतात, हे आम्ही पन्नासाहून अधिक गावांत पाहिले आहे. जनी राबली हे खरे. मुकाट्याने राबली हे कोणी सांगितले? सुमारे साडेतीनशे अभंग गाथेत तिच्या नावावर आहेत. त्यांतले काही मागाहून मिसळले असतील, असे जाणकार म्हणतात. तरी उरतात ते मुकाट्याचे लक्षण आहे काय? ती देवाला हाक मारते, धावा करते, रुसते, भांडते, आणि चिडली म्हणजे त्याला एकेरीत अशा शिव्या घालते की आम्हाला सभेत त्या म्हणताना इकडे तिकडे पाहावे लागते. मदत हवी तर ती मदत मागते. एकटीने होत नाही हे सांगायला तिला लाज वाटत नाही.

शेणींच्या भांडणाची गोष्ट घ्या. दुसऱ्या बाईने जनीच्या शेणी आपल्या ढिगात मिसळल्या, आणि दोघींचे जुंपले. तिथे कबीर आले आणि त्यांनी विचारले की शेणीला शेणी सारखी, तुझी ओळखायची कशी? जनीने सांगितले की कानाशी धरून पाहा, जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. कबीर पंधराव्या शतकातले, तेव्हा ही भेट कालगणनेत बसत नाही, हे अभ्यासू वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. कथेने दोन मोठी माणसे एकत्र आणली, आणू द्या. नाव थापलेल्या शेणीत उतरले, म्हणून आपण या कथेत नामाचा महिमा ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. पण कथेचा आरंभ कुठे आहे? भांडणात आहे. आपल्या कष्टाची वस्तू दुसरीने नेली, आणि ही वैरागी बाई जाऊ दे म्हणाली नाही. शेण का होईना, वेचले मी, थापले मी, वाळवले मी, तर ते माझे, यावर ती उभी राहिली. वैराग्य म्हणजे आपल्या श्रमावरचा हक्क सोडणे, असा अर्थ तिने कधी केला नाही.

दुसरी कथा पदकाची. देव रात्री जनीच्या झोपडीत आला, तिची वाकळ पांघरून झोपला, आणि पहाटे घाईने जाताना आपला शेला व रत्नाचे पदक तिथे विसरून वाकळ घेऊन गेला. राउळात पदक सापडेना. चोर कोण? कोणी शोध केला नाही, विचारपूस केली नाही. बोट जनीकडे गेले. चंद्रभागेच्या वाळवंटात तिच्यासाठी सूळ रोवला गेला, आणि देवाने त्या सुळाचे पाणी केले. चमत्कारावर विश्वास ज्याचा त्याने ठेवावा. आम्हाला त्यात लोकांची आठवण किती पक्की असते ते दिसते. मोठ्या घरात वस्तू हरवली म्हणजे आधी मोलकरणीची ओटी झाडतात, हे त्या काळीही बायांना ठाऊक होते. आजही घरकामाला जाणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही.

जनीला हे बळ आले कुठून? नुसते तिच्या एकटीच्या अंगचे होते असे आम्हाला वाटत नाही. भोवतीच्या बायाही काही मुक्या नव्हत्या. गोणाई आपला लेक परत दे म्हणून विठोबाशी भांडली. राजाईने संसाराचे हाल रखुमाईपुढे मांडले. या दोघींचे, तसेच लाडाईचे व आऊबाईचेही अभंग नामदेव गाथेत आले आहेत. लहानशी मुक्ताई तर सगळ्यांवर कडी! संतांच्या मेळ्यात नामदेवांनाच कच्चे मडके ठरवण्यात तिचा पुढाकार होता. नामदेव रागावले, देवाकडे गाऱ्हाणे नेले, आणि शेवटी विसोबा खेचरांना शरण आले. ते ठिकाण औंढा नागनाथ, आमच्या शेजारचे, १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. नामदेवांचे मूळ गाव नरसी, तेही तिथलेच. आता दोन्ही हिंगोली जिल्ह्यात गेली. एका पोरीच्या बोलण्याने एवढा मोठा भक्त गुरूच्या पायाशी गेला, आणि त्याच पोरीला पुढे सगळ्यांनी मुक्ताई म्हटले, आई म्हटले. ज्या मेळ्यात असे चालत होते त्या मेळ्याच्या कडेला जनी उभी राहून ऐकत होती. हळूहळू ती कडेची राहिली नाही.

चोखोबांचे अभंग अनंतभट्ट लिहीत, ज्ञानोबांचे सच्चिदानंदबाबा. जनीचे कोण लिहिणार? परंपरा म्हणते, पांडुरंग लिही. मोलकरणीचे शब्द टिपून घ्यायला घरात कोणाला फुरसत नव्हती, एवढा अर्थ त्यात असला तरी पुरे. पण शब्द राहिले. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी तिने नाव घातले. स्वतःला नामयाची दासी म्हणाली, पण जनी हे नाव गाळले नाही. ज्या बाईच्या नावावर एक भांडेही नसेल, तिने साडेतीनशे ठिकाणी आपली सही ठेवली.

स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून उदास होऊ नका, अशा अर्थाचे तिने सांगितले आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रियांना परमगतीचा अधिकार दिला, तो श्लोक आम्हाला पाठ आहे आणि त्यावरची भाष्येही. त्या भाष्यांतले काही आचार्य अधिकार देताना जरा हात आखडतात, असे आम्हाला पुष्कळदा वाटले. जनीने भाष्य वाचले नव्हते, हे बरेच झाले. आणखी एके ठिकाणी ती म्हणते की डोईचा पदर खांद्यावर आला तरी आता भर बाजारातून जाईन, हाती टाळ घेईन, खांद्यावर वीणा घेईन, मग कोण अडवतो पाहू. लोक काय नाव ठेवतील तेही तिने स्वतःच म्हणून टाकले आहे, म्हणजे दुसऱ्याला म्हणायला काही राहू नये. हे सातशे वर्षांपूर्वीचे बोलणे आहे. आज गावोगाव मुली कीर्तनाला उभ्या राहतात, तेव्हा अजून कोणी मान वळवून कुजबुजतो की बाईने वीणा घ्यावी काय. त्याने जनीचे अभंग म्हणायचे थांबवावे, नाहीतर कुजबुज थांबवावी. दोन्ही एका तोंडात शोभत नाहीत.

मायबहिणींनो, आता जाते गेले. गिरणी आली, आणि आम्ही गिरणीच्या विरुद्ध नाही. पहाटे तीनला उठून दळायचे त्यात पुण्य होते असे म्हणणारे बहुधा दळणारे नसतात. पण जात्याबरोबर ओवीही चालली होती. हेमा राईरकर आणि गी पोयटेव्हिन या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बायांपाशी बसवून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यांत विठ्ठल आणि जनी यांच्या ओव्या पुष्कळ आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आज्यांनी जनीला आपली शेजारीण समजून तिच्याविषयी गायिले आहे. भाऊ, माहेर, सासूचा जाच, दुष्काळ, लेकीची पाठवणी, सारे त्या ओव्यांत आहे. म्हणजे त्याही मुक्या नव्हत्या. दळता दळता मनातले बोलायची जागा त्यांना होती, आणि ऐकायला समोर दुसरी बाई होती. गिरणीपुढे डबा ठेवून उभे राहिले म्हणजे आवाजात बोलणे ऐकूही येत नाही. कष्ट कमी झाले, ती समोरची बाई मात्र परत मिळवावी लागेल. बचतगटात मिळो, हरिपाठात मिळो, वारीच्या वाटेवर मिळो. जी सून सकाळी चुलीपाशी, दुपारी रानात आणि रात्री पुन्हा चुलीपाशी एकटी असते, तिला देव भेटवून देण्याच्या गोष्टी सांगण्याआधी तिच्या जात्याच्या दुसऱ्या अंगाला कोण बसणार ते घरच्यांनी सांगावे.

आणि पुरुषमंडळी, तुमच्यासाठीही जनीच्या चरित्रात जागा ठेवलेली आहे. ती विठोबाची. दिंडीत मुक्कामाला पोचलो की आपण टाळ ठेवून पाय पसरतो, आणि आपल्याइतकेच चाललेल्या बाया चूल मांडतात. डोक्यावर तुळस घेऊन त्या आल्या, कोणी कडेवर नातू घेऊन आली. अठ्ठावीस युगे उभा असलेला देव शेणी वेचायला खाली आला, आपण पाण्याची घागर उचलायला उठलो तर वारीत काही उणे पडत नाही. आम्हाला ठाऊक असलेल्या एका दिंडीत आता भाकरीचे पीठ पुरुष मळतात. भाकरी वाकड्या होतात. कोणी उपाशी राहत नाही.

नामदेवराय शके १२७२ मध्ये, इ. स. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरीत महाद्वारी समाधिस्थ झाले. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागितली, ती नामदेव पायरी. घरची मंडळीही त्यांच्याबरोबर गेली असे संप्रदाय मानतो. सून लाडाई तेवढी गरोदर म्हणून माहेरी होती, तिच्यामुळे वंश राहिला. जनीही त्याच दिवशी, त्याच महाद्वारी गेली. दासी म्हणून आलेली पोर शेवटी त्या घराच्या मोजणीत आली. चौदा नव्हे, पंधरा.

पंढरपुराजवळ गोपाळपूर आहे. आषाढी पौर्णिमेला दिंड्या काल्यासाठी तिथे जातात. तिथल्या देवळात जनाबाईंची जागा आहे आणि तिचे म्हणून एक जाते दाखवतात. रांग मोठी असते. बाया खाली बसून खुंट्याला हात लावतात, जमले तर एक वेढा फिरवतात, आणि बहुधा मागची बाई पुढे वाकून दुसऱ्या बाजूने हात देते.